आखणीच्या खोलीतली विडीबंदी

गिरजाबाईंनी पहिल्याच भेटीत मला सांगितले की, ऐन उमेदीत त्या दिवसाला शंभर गणपतींचे डोळे काढीत असत. हे विधान खरे नाही. त्यांचा उच्चांक एकाहत्तर मूर्तींचा आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. मी तो मोजून दाखवला तेव्हा त्या माझ्याशी दीड दिवस बोलल्या नाहीत. मग दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "शंभर नाय तं नाय. पन एकाहत्तर तं तू लिवलंस ना? ते आता खोडू नको."

पुरावा म्हणजे एकोणीस फळ्या. गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात त्या जागेला पेणमध्ये कारखाना म्हणतात आणि मूर्तीचे डोळे रेखाटण्याच्या कामाला आखणी. प्रत्येक मूर्तीला हात लावण्याआधी ब्रशाचे टोक नीट जमले आहे की नाही हे पाहण्यासाठी गिरजाबाई शेजारच्या फळीवर वरच्या पापणीची एक कमान काढतात. एक मूर्ती, एक कमान. दिवस संपला की खाली आडवी रेघ. फळी भरली की नवी फळी. हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, त्याचा कोणाला उपयोगही नव्हता. नोंदी आणि आकड्यांच्या मागे फिरणाऱ्या माणसाला अशी फळी दिसली की त्याचे काय होते, हे मी सभ्य शब्दांत सांगू शकणार नाही. एकोणीस हंगामांतला प्रत्येक दिवस आणि त्या दिवसाची प्रत्येक मूर्ती, सगळे तिथे होते. मी फळ्यांसमोर फतकल मारून बसले आणि एकटीच हसत सुटले.

वास्तविक मी रोह्याहून आले होते ती धूर मोजायला. आमच्या प्रकल्पाचा प्रश्न असा होता की, ज्यांनी जन्मात विडी-सिगारेट ओढली नाही त्यांच्या छातीत दुसऱ्यांचा धूर किती जातो, आणि धूम्रपानबंदीचा नियम केल्याने त्यात खरोखर काही फरक पडतो का. पेण आणि रोह्यातल्या चहाच्या टपऱ्या, केस कापण्याची दुकाने आणि लहान कचेऱ्या अशा बावीस ठिकाणी मी हवेतले सूक्ष्म कण मोजणारे, पोळीच्या डब्याएवढे यंत्र ठेवून आले होते. तेविसावे ठिकाण म्हणजे काळुरामशेठ यांचा कारखाना.

"आमच्याकडं पाटी हाय, मॅडम," काळुरामशेठ म्हणाले होते. "आमच्याकडनं काम कम्प्लीट."

पाटी खरोखरच होती, आणि देखणी होती. "धूम्रपानास सक्त मनाई" या अक्षरांभोवती वेलबुट्टी काढलेली होती. ती साचेकाम करणाऱ्या मिथुनने रंगवली होती. ज्या खिळ्यावर पाटी टांगलेली होती त्याच खिळ्याला दोरीने एक लायटरही बांधलेला होता, म्हणजे कोणाला शोधावा लागू नये. मी दोन्हींची नोंद केली.

यंत्राने पहिल्या दोन दिवसांत जे आकडे दाखवले ते मी तीनदा तपासले. अंगणात चाळीसच्या आसपास. जिथे मूर्तींना पॉलिश पेपर घासतात त्या शेडमध्ये दीडशे, पण ती धूळ होती. आखणीच्या खोलीत सकाळी पंचेचाळीस, आणि चहाच्या सुट्टीनंतर चारशे दहा. संपूर्ण कारखान्यातली सर्वांत वाईट हवा त्या खोलीत होती. तिथे दिवसभर बसणारी व्यक्ती एकच होती, आणि तिने विडी कधी हातातही धरली नव्हती.

याचे कारण शोधायला गेले तेव्हा कळले की या साऱ्यामागे एक अत्यंत जबाबदार विचार होता. रंगाच्या खोलीत थिनरचे डबे असतात. तिथे काडी ओढणे म्हणजे कारखान्याला आग. साच्याच्या शेडमध्ये काथ्याचे ढीग असतात, तिथेही धोका. उरली आखणीची खोली. तिच्यात ना थिनर, ना काथ्या. ओल्या डोळ्यांवर धूळ बसू नये म्हणून तिला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेले आणि पंखाही बंद. म्हणजे काडी विझत नाही. शिवाय गिरजाबाई गप्पा मारतात. सुरक्षिततेचा इतका बारकाईने विचार करून सात माणसे दिवसातून चार वेळा त्या बंद खोलीत येऊन विड्या ओढीत होती, आणि त्यातल्या एकालाही आपण काही वावगे करतो आहोत असे वाटत नव्हते.

"आगीचं बगावं लागतं ना, मॅडम," मिथुन मला समजावून म्हणाला.

गिरजाबाई मूळच्या जिते गावच्या, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन कासूला आल्या. नवरा बाबाजी मिठागरावर कामाला होता. आता गुडघ्यांमुळे घरी असतो. बाविसाव्या वर्षी त्या या कारखान्यात पॉलिश पेपर घासायला आल्या. एकदा तेव्हाच्या आखणी कारागिराला ताप आला आणि गिऱ्हाईक तर दारात गाडी घेऊन उभे. गिरजाबाईंनी कोणाला न विचारता ब्रश उचलला. त्या मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा मोठा झाला. गिऱ्हाईक मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझ्याकडं बघून काहीतरी इचारतोय." त्यांनी ती आनंदाने नेली. पुढली अकरा वर्षे ते त्याच डोळ्यांची मूर्ती मागत राहिले. ही हकीकत मला चौघांनी वेगवेगळी सांगितली. डोळा मोठा झाला होता एवढ्यावर मात्र चौघांचे एकमत आहे.

मी आले त्या आठवड्यात गिरजाबाईंचे काम दिवसाला चाळीस मूर्तींवर आले होते. डोळ्यांतून पाणी येई. त्या पदराने पुसत, पुन्हा ब्रश जमवीत, फळीवरची एकच कमान दोन-दोनदा गिरवीत. शनिवारी काळुरामशेठ खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांचा पुतण्या निकेश होता. वय सव्वीस, हात चांगला, विडी ओढत नाही, आणि आखणीच्या खुर्चीकडे त्याचे दोन वर्षांपासून लक्ष.

"गिरजाबाय," काळुरामशेठ जमिनीकडे बघत म्हणाले, "सोमवारपास्नं तुमी पॉलिशला बसा. आखणी निकेश बघील. वय झालं, तं कोणाचं होत नाय?"

गिरजाबाईंनी ब्रश खाली ठेवला नाही. "वय? माझ्या डोळ्यांचं पानी वयाचं नाय. तुमच्या विडीचं हाय."

"तीस वर्सं विडी होतीच की खोलीत."

"तवा प्लास्टिक नव्हतं, शेठ. तवा वारा होता. आता मला बरणीत घातलंय लोनच्यासारकी, नि वरनं धुरी देताव."

बाहेरून कोणीतरी हसले. काळुरामशेठ माझ्याकडे वळले. माझ्या यंत्राकडे आणि वहीकडे त्यांनी प्रथमच लक्ष दिले असावे. "मॅडम, तुमचं यंत्र काय बोलतं?"

मी सांगितले की, यंत्र धूर आहे एवढेच सांगते. डोळ्यांचे पाणी धुराचे की वयाचे हे ते सांगत नाही. गिरजाबाईंनी माझ्याकडे असे पाहिले की अर्धी भाकरी परत मागतील असे मला वाटले.

"मंग पैज," त्या म्हणाल्या. "धा दिवस ह्या खोलीत कोन विडी पेटवनार नाय. धा दिवसांत साडेपाचशे मूर्ती मी आखीन. नाय झाल्या तं ब्रश निकेशच्या हातात मी सोता देईन. मोजनी ह्या पोरीची. ती कोनाची नाय. माझी तं नायच नाय."

काळुरामशेठनी मान डोलावली. निकेश खुशीत होता. साडेपाचशे म्हणजे रोजच्या पंचावन्न, आणि गेल्या दोन हंगामांत तो आकडा त्या फळीवर एकदाही नव्हता. मी तेही तपासून पाहिले होते.

सोमवारी सकाळी खिळ्यावरचा लायटर काढून मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी टांगण्यात आला. मे महिन्यातल्या उन्हात टाकीची सावली दोन माणसांपुरती होती आणि ओढणारे सात. दोघे सावलीत, पाचजण ओळीत, आणि ओळ मोडली की भांडण. पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. गिरजाबाई शनिवारी कासूच्या एका लग्नाची गोष्ट सांगत होत्या. वऱ्हाड चुकून जित्याला उतरले आणि दुसऱ्याच मांडवात जाऊन जेवले, इथवर ती आली होती. पुढे काय झाले हे कळल्याशिवाय कोणाचे कामात लक्ष लागेना. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी प्लास्टिकला बाहेरून सात नाके चिकटली.

"मावशे, मंग नवरामुलगा कुठं गेला?"

"हात रिकामे करून आत ये, सांगते."

"आतनंच मोठ्यानं सांग ना!"

"मोठ्यानं बोललं की हात हलतो. माझ्या साडेपाचशे तू भरनार हायस?"

चौथ्या दिवशी मिथुन दोन्ही हात वर करून, पोलिसांना शरण आल्यासारखा आत आला. तोंडात बडीशेप होती. त्याच्या मागून आणखी तिघे आले. वऱ्हाडाची गोष्ट तिथून पुढे सरकली, आणि यंत्राचा आकडा पन्नासच्या वर गेला नाही. मी तो दर पाच मिनिटांनी टिपत होते आणि दर वेळी मला उडी मारावीशी वाटत होती. ती मी मारली नाही, कारण खोलीत ओले डोळे होते.

फळीवर पहिल्या दिवशी चव्वेचाळीस कमानी उमटल्या. मग एकोणपन्नास, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न. सहाव्या दिवशी अठ्ठावन्न. पदर डोळ्यांना लागेनासा झाला. निकेशच्या चेहऱ्यावरची खुशी सरत आली आणि तो मला वरचेवर विचारू लागला, "मॅडम, मोजताना चूक तं नाय ना?" प्रश्न योग्यच होता. मी दोनदा मोजत असे. माझी शंका दुसरीच होती. पैज लागली की कोणाचाही हात वेगाने चालतो. हा वेग धूर गेल्याचा की ईर्षेचा, हे सांगायला माझ्याकडे काहीही साधन नव्हते. मी तसे वहीत लिहिले आणि गिरजाबाईंना दाखवले नाही.

सातव्या दिवशी सकाळी रंगाच्या खोलीत जागा नव्हती म्हणून एक सात फुटी मूर्ती आखणीच्या खोलीत आणून उभी केली. तिची आखणी त्या दिवशी नव्हतीच. आतून पोकळ असलेल्या मोठ्या मूर्तीत लाकडी सांगाडा असतो. त्याचे बोल्ट आवळायचे होते. पाठीच्या भगदाडातून आत शिरू शकेल असा बारीक माणूस कारखान्यात एकच, तो म्हणजे मिथुन. तो पान्हा घेऊन आत गेला. मुकुट अजून बसवायचा होता, त्यामुळे मूर्तीचे डोके वरून उघडे होते.

साधारण पंधरा मिनिटांनी गणपतीच्या डोक्यातून धूर येऊ लागला.

आधी एक पातळ रेघ आली. मग संथपणे, विचारपूर्वक सोडलेला एक मोठा लोट. गिरजाबाई स्टुलावर तोंड वर करून बघत राहिल्या. यंत्राचा आकडा ऐंशी, दोनशे, तीनशे असा चढला. मी तिन्ही आकडे टिपले आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

गिरजाबाई उठल्या आणि त्यांनी मूर्तीच्या पोटावर टिचकी मारली. "आत कोन हाय?"

पोटातून घुमत आवाज आला, "कोन नाय."

"मंग धूर कोनाचा?"

"बोल्ट गरम झालाय, मावशे."

"मिथुन्या, भाईर ये! देवाच्या पोटात बसून खोटं बोलतोस?"

मिथुनने घाईत बाहेर पडताना खांदा भगदाडात अडकवून घेतला. तो निघेना. आणि याच वेळी बाहेर अंगणात उभ्या असलेल्यांनी प्लास्टिकमधून निघणारा धूर पाहिला. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला की पैज मोडली. सहाही जण समाधानाने आत आले, आपापल्या जागी बसले, त्यांनी विड्या पेटवल्या, आणि त्यांतला एक म्हणाला, "बरं झालं बाय, लय ताणलंस."

त्यांना बाहेर काढायला, मिथुनला सोडवायला आणि कोण बरोबर कोण चूक हा वाद मिटायला दीड तास गेला. तेवढ्या वेळात दोघांनी दुसरी विडीही पेटवली. प्लास्टिकआड धूर दुपारपर्यंत कोंडून राहिला. गिरजाबाई त्यातच पुन्हा बसल्या, पदर डोळ्यांना गेला, आणि संध्याकाळी फळीवर एकोणचाळीस कमानी होत्या.

नंतरचे तीन दिवस कारखान्यात कोणी मोठ्याने खोकलेही नाही. सत्तावन्न. साठ. एकसष्ट.

दहाव्या दिवशी पाच वाजता सगळे आखणीच्या खोलीत जमले. मी बेरीज दोनदा केली, निकेशने तिसऱ्यांदा केली. पाचशे बत्तीस. अठरा कमी.

"सातवा दिवस काढ," गिरजाबाई मला म्हणाल्या. आवाज शांत होता, पण ब्रश मुठीत घट्ट होता. "तो माझा दिवस नव्हता. तो ह्या मिथुन्याचा होता."

"व्हय, तो माझ्या नावावर टाका, मॅडम," मिथुन म्हणाला. तो रडवेला झाला होता.

मी म्हटले की, झालेला दिवस मला वहीतून काढता येणार नाही. जे नको वाटते ते खोडायचे ठरले तर मग उरलेल्या नऊ दिवसांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा?

"अगो, तू माणूस हायस का कुलूप?" गिरजाबाई म्हणाल्या.

"पण मला तो वाचू तर द्या," मी म्हटले, आणि सगळे आकडे ओळीने मोठ्याने वाचले. चव्वेचाळीस, एकोणपन्नास, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणचाळीस, सत्तावन्न, साठ, एकसष्ट. मी पुढे सांगितले की, इतके दिवस मला ईर्षेची शंका होती; परंतु सातव्या दिवशी ईर्षा तीच होती, हात तोच होता, मूर्ती त्याच मापाच्या होत्या. वादात गेलेला दीड तास वजा करून, उरलेल्या तासांच्या हिशेबाने पाहिले तरी वेग उतरलेलाच दिसतो. त्या दिवशी वेगळे होते ते फक्त वर चढलेले यंत्र.

काळुरामशेठनी माझी वही पाहिली नाही. ते फळीपाशी उकिडवे बसले. आकड्यांवर त्यांचा फारसा विश्वास नसावा, रेषेवर होता. सहाव्या दिवसाच्या कमानीवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग सातव्या दिवसाच्या. तिथे रेषा फुटलेल्या होत्या, जागोजाग दुबार गिरवलेल्या. मग आठव्या दिवसाच्या दुपारच्या कमानी, पुन्हा एका दमात ओढलेल्या.

"निकेश," ते न वळता म्हणाले, "म्हातारपण एका दिवसापुरतं येतं नि दुसऱ्या दिवशी जातं, असं कधी ऐकलंस?"

सातही जण मोठ्याने हसले. मिथुनने टाळी वाजवली, मग कोणीच वाजवत नाही हे पाहून हात खिशात घातले.

"अठरा कमी हायत, काका," निकेश म्हणाला.

"हायत. अठरा माझ्या गणपतीनं धुरात घालवल्या. आखणी गिरजाबायकडंच राहील. नि ह्या खोलीत विडी आता कायमची बंद."

निकेशने मात्र हार मानली नाही, आणि याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी आदर आहे. तो फळीजवळ गेला. "मंग हे काय? रोज सकाळच्या पहिल्या सात-आठ कमानी बघा. सगळ्या दिवशी थरथरलेल्या. सकाळी तं खोलीत धूर नसतो. यंत्र पंचेचाळीस दाखवतं, मॅडमच म्हणतात. सांगा ना, मॅडम."

त्याचे म्हणणे अचूक होते. मी दहा दिवस रोज बेरजा केल्या होत्या आणि ओळींच्या सुरुवातीकडे नीट पाहिले नव्हते. सकाळी थकवा नसतो, त्यामुळे पहिल्या कमानी सर्वांत स्वच्छ असायला हव्या होत्या. याचे कारण मला ठाऊक नाही, असे मी सर्वांसमोर सांगितले.

काळुरामशेठ पुन्हा फळीकडे वळले. मिळालेला ब्रश गिरजाबाईंच्या हातातून आता परत जाणार की काय, असे क्षणभर मला वाटले.

गिरजाबाई फळीजवळ आल्या, त्यांनी त्या कमानी नीट न्याहाळल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी कनवटीचा फोन काढला, स्पीकर चालू केला आणि घरी लावला.

"आवो, ऐकताव का?"

"बोल गो," पलीकडून बाबाजींचा आवाज आला. त्याच्यासोबत एक दीर्घ फुंकरही ऐकू आली.

"सकाळी मी ग्यासपुढं भाकऱ्या करते तवा तुमी कुठं बसताव?"

"तुझ्या शेजारी. रोज बसतो. का?"

"नि काय करताव?"

"काय करतो म्हंजे? विडी ओढतो नि तुला सोबत करतो. तीस वर्सं करतोय. आज काय इचारतेस?"

सातही जण फोनकडे वाकले होते. विडी ओढणारी इतकी माणसे एवढी शांत मी आधी पाहिली नव्हती.

"उद्यापास्नं सोबत नको," गिरजाबाई म्हणाल्या. "विडी वाडीत."

"वाडीत? माझे गुडघे?"

"खुर्ची नेऊन ठेवते."

"आनि पावसाळ्यात?"

"छत्री देते."

पलीकडून आणखी एक फुंकर ऐकू आली. मग बाबाजी म्हणाले, "मंग भाकरी गरम तरी तिथं आनून देशील का?"

"देईन," गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला. मग निकेशकडे वळून म्हणाल्या, "उद्या सातला ये. पहिल्या आठ मूर्ती माझ्या शेजारी बस, नि कमान थरथरते का ते तू बग. ह्या पोरीला आता घरी जाऊंदे, ती कधीची रोह्याची गाडी चुकवतेय."